घाटावरची हाक

"साहेब, मी यांच्यातला नाही."

गाडीत चढवल्यापासून ते गृहस्थ हेच सांगत होते, आणि मंगल कार्यालयाच्या मागच्या दाराशी आम्हाला उतरवलं तरी त्यांचं तेच चाललं होतं. पन्नाशी ओलांडलेले, अंगात इस्त्रीचा फिक्का निळा शर्ट, हातात औषधांच्या दुकानातली कागदी पिशवी. ओढाताणीत त्यांच्या एका सँडलचा पट्टा तुटला होता, त्यामुळे पाय घासत चालत होते.

"आत बसा काका," मागचा हवालदार म्हणाला. "आज सगळेच ते सांगणारेत."

सगळे ते सांगत नव्हते. निम्मे तरी घोषणा देतच आत शिरले. पण गर्दीतून उचलताना पोलिसांनी कोण मोर्चातलं आणि कोण बघ्यांतलं हे पाहिलं नव्हतं. लॉकअपमध्ये एवढ्यांना जागा नव्हती, म्हणून नदीपलीकडचं हे कार्यालय ताब्यात घेतलेलं. आदल्या दिवशी तिथं लग्न झालं होतं. स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या तशाच होत्या, झेंडूच्या माळा अर्ध्या उतरवून ठेवलेल्या. तृतीयपंथीयांची गुरू नगीनाअम्मा थेट स्टेजवर गेली आणि त्यातल्या एका खुर्चीत बसली.

"ए, खाली उतर," एक हवालदारीण म्हणाली.

"लगीन लावायचं नाही बाई," नगीनाअम्मा म्हणाली. "गुडघे धरलेत. तुमच्या फरशीवर बसले तर उठवायला तुम्हालाच यावं लागेल."

हवालदारीण हसली आणि तिनं तोंड फिरवलं.

मी खाली भिंतीला टेकून बसले. मांडीवर मुकुंदकाकांचा फोटो लावलेला फलक होता. काठी पोलिसांनी मोडून घेतली होती, पुठ्ठा माझ्याकडेच राहिला होता.

मुकुंद हर्डीकरांचं आमच्या पेठेत मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या पंपांच्या मोटारी उघडायच्या, जुनी तार काढायची, नवी भरायची. दुकानावर एक माळा होता. दर रविवारी आम्ही तिथं जमायचो. मी टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते, त्यामुळे घरी जादा बॅच असल्याचं सांगायचे. दोन-तीन कॉलेजची मुलं, सरकारी दवाखान्यातली एक नर्स, नगीनाअम्मा आणि तिच्या चेल्या. मला मुली आवडतात हे मी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं बोलले ते त्या माळ्यावर, तांब्याच्या तारेच्या रिळांमध्ये बसून. मुकुंदकाका तेव्हा चहा गाळत होते. "बरं," म्हणाले. "साखर किती?"

मोर्चाच्या पंधरवडाभर आधी ते घाटाच्या पायऱ्यांखाली मेलेले सापडले. पोलिसांनी लिहिलं, पाय घसरून पडले. गावाकडून त्यांचा भाऊ आला, त्यानं घाईघाईनं अग्नी दिला आणि दुकानाला कुलूप लावून तो निघून गेला. पण दवाखान्यातल्या आमच्या नर्सनं अंग पाहिलं होतं. घसरून पडलेल्या माणसाच्या पाठीवर बुटांच्या टाचा उमटत नाहीत, ती म्हणाली. आम्ही अर्ज दिले, हेलपाटे घातले. "तो तसलाच होता ना," एवढं एका साहेबानं विचारलं, आणि अर्ज परत दिला.

म्हणून मोर्चा. परवानगी मिळाली होती. बाहेरगावाहूनही लोक आले. सकाळी आम्ही चौकात जमलो, आणि मग कळलं की परवानगी रद्द झाली आहे, जमावबंदी लागू आहे. पांगायला रस्ता ठेवलाच नव्हता. दुकानांची शटरं खाली आली. वरच्या गॅलऱ्यांत माणसं उभी राहून बघत होती, काही हसत होती. एका घरातून आमच्यावर बादलीभर पाणी आलं. मी फलक उंच धरून उभी होते, तेवढ्यात मागून कुणीतरी माझी वेणी धरली.

"पाणी मिळेल का?" शेजारून आवाज आला. तेच निळ्या शर्टवाले गृहस्थ. माझ्याशेजारीच भिंतीला टेकून बसले होते.

मी बाटली दिली. त्यांनी वरून एक घोट घेतला आणि पिशवीत डोकावून गोळ्यांची पाकिटं नीट लावली. मग त्यांची नजर माझ्या मांडीवर गेली. बराच वेळ ते फोटोकडे बघत राहिले.

"हा फोटो जुना आहे," ते म्हणाले.

"दुकानाच्या परवान्यावरचा आहे. दुसरा मिळाला नाही."

"नंतर मिशी काढली होती त्यानं." मग ते थांबले. "त्यांनी. मी पाटबंधारे खात्यात आहे. आमच्या पंपांच्या मोटारी त्यांच्याकडे यायच्या."

"हो का," मी म्हणाले.

"नवाथे माझं नाव."

मी माझं सांगितलं, वृषाली. त्यांनी मान हलवली, जणू ते त्यांना ठाऊक होतं. मी फलक उलटा करून ठेवायला गेले तेव्हा ते हळूच म्हणाले, "असू दे ना तसाच."

दुपारी भोगटे मॅडम आल्या. त्या फौजदार होत्या. त्यांनी स्टेजसमोर उभं राहून सांगितलं की जे नुसते बघायला उभे होते त्यांना सोडण्यात येईल. मात्र घरचं कुणीतरी येऊन तसं सांगायला हवं.

"तसं म्हणजे कसं?" एका मुलानं विचारलं.

"की हा त्यांच्यातला नाही म्हणून."

"आणि जे त्यांच्यातले आहेत?"

"ते बसतील," मॅडम म्हणाल्या.

हवालदार फिरून फोन नंबर विचारू लागले. मग तासाभरात पुढच्या दाराशी माणसं यायला लागली. कुणाचा बाप, कुणाची बायको, कुणाचा मालक. दार उघडं होतं. बाहेर पटांगणात गर्दी जमली होती आणि कंपाउंडच्या भिंतीवर पोरं चढून बसली होती. प्रत्येकाला उंबऱ्यावर उभं करायचं आणि विचारायचं, "हा त्यांच्यातला आहे का?" उत्तर सगळ्यांना ऐकू जायचं. "नाही" म्हटलं की सुटका व्हायची, आणि तो माणूस पायऱ्या उतरायला लागला की भिंतीवरची पोरं तृतीयपंथीयांसारख्या टाळ्या वाजवायची. एक किराणा दुकानदार, जो खरोखरच नुसता उभा होता, टाळ्या ऐकून पळतच गेला. त्याच्यामागून त्याचा मुलगा, मान खाली घालून.

"आमच्यासाठी दारात कोण येणार," नगीनाअम्मा वरून म्हणाली. तिनं कुणाकडे बघून म्हटलं नव्हतं.

माझा भाऊ शैलेश आला. नंबर मी दिला नव्हता. त्याला चौकातल्या कुणीतरी सांगितलं असावं. तो उंबऱ्यावर उभा होता, हेल्मेट हातात. मला बोलावलं गेलं.

"बहीण माझी," तो मॅडमना म्हणाला. "टायपिंग शिकवते. त्या बाजूनं चालली असणार क्लासला." माझ्याकडे बघून त्यानं मान हलवली. होय म्हण, एवढंच त्याला हवं होतं.

"काय गं?" मॅडमनी विचारलं.

"नाही दादा," मी म्हणाले. "मी यांच्यातलीच आहे."

बाहेर कुणीतरी शीळ घातली. शैलेशचं तोंड लालबुंद झालं. तो ओरडेल असं मला वाटलं. त्यानं हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं.

"आईला काय सांगू?"

"उशीर होईल म्हणून सांग."

तो गेला. त्याच्यासाठीही टाळ्या वाजल्या. मी जागेवर येऊन बसले. नवाथ्यांनी पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली.

थोड्या वेळानं त्यांचं नाव पुकारलं गेलं. दारात एक उंच, सडपातळ बाई उभी होती. केस पिकलेले, अंगावर घरातलीच साडी, खांद्यावरून पदर घट्ट घेतलेला. नवाथे उठले आणि तुटक्या सँडलनं पाय घासत तिकडे गेले. मी दारापासून लांब नव्हते.

"हे माझे मिस्टर," बाई म्हणाल्या. "माझी रक्तदाबाची औषधं आणायला बाहेर पडले होते."

"त्यांच्यातले नाहीत ना?"

"नाहीत."

"जा काका," मॅडम म्हणाल्या. "उगाच त्रास झाला तुम्हाला."

नवाथ्यांनी औषधांची पिशवी बायकोच्या हातात दिली. ते उंबऱ्यापर्यंत गेले. भिंतीवरची पोरं तयारीतच होती. तिथं ते थांबले.

"मला जबाब द्यायचाय," ते म्हणाले.

"कसला जबाब?"

"हर्डीकरांच्या बाबतीत. मी तिथं होतो."

मॅडमनी मान वर करून त्यांच्याकडे बघितलं. नवाथेबाईंनी चटकन पुढं होऊन नवऱ्याचा दंड धरला. त्या बोलल्या ते अगदी हळू, पण मला ऐकू आलं.

"मला माहितीये. किती वर्षं माहितीये. पण इथं नको. घरी चला."

"घरी सांगून काय होणार, शैला?"

"इथं सांगून काय होणारे? हे लोक बघा कसे बसलेत."

नवाथ्यांनी बाहेर बघितलं, खरंच बघितलं, एकेका चेहऱ्याकडे. मग त्यांनी बायकोचा हात अलगद सोडवला. "तू घरी जा," ते म्हणाले, आणि आत परत आले.

शैलाबाई घरी गेल्या नाहीत. त्या दारालगतच्या भिंतीपाशी, पिशवी छातीशी धरून उभ्या राहिल्या.

लग्नात आहेर घ्यायला ठेवतात ते टेबल कोपऱ्यात होतं. मॅडमनी एका हवालदाराला लिहायला बसवलं. नवाथे म्हणाले, "ही मुलगी इथं बसू दे. ती त्याच्या माणसांतली आहे," आणि मॅडमना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी मला बसू दिलं. नगीनाअम्मा स्टेजवरून उतरून खालच्या पायरीवर आली होती.

ते सावकाश सांगत होते, हवालदाराला लिहिता यावं म्हणून. दर गुरुवारी दुकान बंद असायचं. त्या दिवशी संध्याकाळी ते दोघं घाटावर बसायचे. कितीतरी वर्षांचा नेम. घटनेच्या दिवशीही बसले होते, दिवेलागण व्हायची होती. चार तरुण आले. आधी नावं विचारली, मग कुठं राहता, मग बायका कुठं आहेत. नवाथ्यांनी दोघांना ओळखलं होतं, एकाच्या वडिलांच्या दुकानाचं नावही त्यांनी सांगितलं. पहिली थप्पड मुकुंदकाकांना बसली. ते उठून उभे राहिले आणि त्यांनी नवाथ्यांना पाठीमागं, वरच्या पायऱ्यांकडे ढकललं.

"मग?"

"मी वर गेलो. पायऱ्या चढून रस्त्यावर. रिक्षा मिळाली, घरी गेलो." त्यांचा आवाज तसाच होता, सरळ. "वर पोचत असताना त्यानं मागून हाक मारली."

"काय म्हणाला?"

हवालदार पेन धरून थांबला.

"पळ म्हणाला," ते शेवटी म्हणाले. हवालदार लिहायला वाकला तसा त्यांनी हात पुढं केला. "थांबा. पळ म्हणाला, किंवा पळू नको म्हणाला. मला नीट ऐकू आलं नाही. पळ, इथपर्यंत आलं ऐकू. पुढं काही होतं की नव्हतं, ते..."

"मग काय लिहू मी?"

"दोन्ही नाही लिहिता येत?"

"जबाबात एकच येतं, काका," मॅडम म्हणाल्या. त्यांचा स्वर आता वेगळा होता.

"मग हाक मारली, एवढंच लिहा."

तेवढंच लिहिलं गेलं. त्यांनी सही केली. मी दाराकडे बघितलं. शैलाबाई भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

ऊन कलल्यावर नवाथ्यांना सोडलं. आम्हाला मात्र दिवस मावळल्यावर. मी खिडकीतून बघत होते. बातमी बाहेर गेली होती. हवालदारांपैकीच कुणीतरी सांगितली असणार. पटांगणात गर्दी वाढली होती. नवाथे पायऱ्या उतरायला लागले तसा कल्ला उठला, टाळ्या, शिव्या, कुणी त्यांचं नाव घेऊन ओरडत होतं. तुटक्या सँडलमुळं त्यांना उतरता येईना. शैलाबाई एक पायरी पुढं गेल्या होत्या, त्या मागं वळल्या. "खांदा धरा," म्हणाल्या. त्यांनी धरला. ती दोघं तशीच गर्दीतून गेली, फाटकापर्यंत, आणि फाटकाबाहेर.

नगीनाअम्मा माझ्यामागं उभी होती. "बाईनं नाक राखलं," ती म्हणाली. कुणाचं, ते तिनं सांगितलं नाही.

पुढचे आठवडे शहर त्याच विषयावर होतं. वर्तमानपत्रात आमचे फोटो आले, चेहरे न झाकता. आमच्या इन्स्टिट्यूटच्या मालकांनी मला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. कार्यालयाच्या मालकानं हॉल धुऊन शुद्ध करून घेतला आणि तसा बोर्ड दारावर लावला, लग्नाच्या तारखा रद्द होऊ नयेत म्हणून. पण त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्यातल्या नर्सेस काळ्या फिती लावून कामावर आल्या. कॉलेजची मुलं कलेक्टर कचेरीसमोर बसली, आणि त्यात आम्ही कधी न पाहिलेली कितीतरी तोंडं होती. बाहेरच्या शहरांतून वकील आले. शेवटी खुनाचा गुन्हा दाखल झाला. नवाथ्यांच्या जबाबाशिवाय तो झाला नसता.

त्यांना पाटबंधारे खात्याची कॉलनी सोडावी लागली. शैलाबाईंच्या हळदीकुंकवाला त्या वर्षी कुणी आलं नाही, असं मला नर्सनं सांगितलं. तरी प्रत्येक तारखेला दोघं कोर्टात यायची. शैलाबाई बाकावर नवऱ्याशेजारी बसायच्या, मधे पिशवी ठेवून.

साक्षीच्या दिवशी आरोपींच्या वकिलानं तोच प्रश्न विचारला. मयतानं हाक मारली, असं तुमच्या जबाबात आहे. काय हाक मारली?

नवाथे पिंजऱ्यात उभे होते. त्यांनी जज्जसाहेबांकडे बघितलं, मग खाली.

"पळ म्हणाला."

"आणि तुम्ही पळालात."

"हो."

टाइपरायटरवर ते उमटलं. दोघांना शिक्षा झाली, दोघं सुटले.

नंतर मी पुण्याला आले, नोकरी लागली, घर झालं. सुलभा आणि मी एकत्र राहायला लागलो. शैलेशशी बोलणं सुरू झालं, आईच्या आजारपणात. त्या शहरात जाणं फार होत नसे. बऱ्याच वर्षांनी एकदा गेले तेव्हा नवाथ्यांचा नवा पत्ता शोधून काढला. गावाबाहेर दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या होत्या. ते निवृत्त झाले होते, फार वाळले होते. मला ओळखलं. शैलाबाईंनी पोहे केले. आम्ही हवापाण्याचं बोललो, रस्त्यांचं, धरणाचं. मुकुंदकाकांचं नाव कुणी काढलं नाही.

शैलाबाई बश्या घेऊन आत गेल्या तसे ते पुढं झुकले.

"कोर्टात मी एक सांगितलं," ते म्हणाले. "टाइप झालं ते. आता ते तसंच राहणार. पण संध्याकाळ झाली की दुसरं ऐकू येतं." त्यांनी स्वयंपाकघराकडे नजर टाकली. "तू त्याला ओळखत होतीस. तुला काय वाटतं? काय म्हणाला असेल?"

मुकुंदकाका मला आठवले. माळ्यावरून कुणी निघालं की त्यांचा चेहरा पडायचा. चप्पल घालेपर्यंत ते मागं मागं यायचे, काहीतरी निमित्त काढायचे, चहा टाकतो म्हणायचे. थांब गं जरा, जाऊ नको एवढ्यात. एकटं राहायला ते किती भ्यायचे हे माळ्यावरच्या प्रत्येकाला माहीत होतं.

"पळच म्हणाले असणार," मी म्हणाले. "त्यांचा स्वभावच तो."

नवाथ्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली, दोन-तीनदा. मग ते खिडकीबाहेर बघत बसले.

मी निघाले तेव्हा शैलाबाई जिन्यापर्यंत आल्या. त्यांनी मागं वळून दार ओढून घेतलं.

"विचारलं का त्यांनी?"

"हो."

"काय सांगितलंस?"

"पळ म्हणाले असणार, असं."

त्यांनी कठड्यावर हात ठेवला. खाली रस्त्यावर दिवे लागत होते.

"मीही तेच सांगते," त्या म्हणाल्या. "रोज विचारतात."